कानाला दडे बसतात, पण कान तपासला तर नॉर्मल: जबड्याच्या सांध्याचा त्रास कसा ओळखायचा?

श्रवणरेषा

कानाला दडे बसल्यासारखं वाटतं म्हणून माणूस कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातो. पडदा स्वच्छ दिसतो, मळ नसतो, टिम्पॅनोग्राम (मधल्या कानातला दाब आणि पडद्याची हालचाल पाहणारी चाचणी) 'ए' प्रकारचा, म्हणजे नॉर्मल येतो, ऑडिओग्राममध्येही (ऐकण्याच्या चाचणीतही) काही सापडत नाही. नाकात मारायचा स्प्रे मिळतो, महिनाभर मारून फरक पडत नाही, मग दुसरा स्प्रे मिळतो. असे अडकून पडलेले बरेच जण शेवटी जबड्यापाशी येऊन पोचतात, आणि तेही उशिरा. म्हणून हा धागा. कान, दात आणि मान, तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी लिहावं.

आधी रचना. जबड्याचा सांधा म्हणजे टीएमजे, कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे असतो. करंगळी कानात हलकेच ठेवून तोंड उघडलं-मिटलं की सांध्याचं डोकं सरकताना बोटाला कळतं. कानाची बाहेरची नळी आणि सांधा यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदा आहे. काही लोकांत या हाडात लहानपणी असलेलं छिद्र मोठेपणीही पूर्ण भरून येत नाही.

पण जवळ असणं हे मुख्य कारण नाही. मुख्य कारण मज्जातंतू आहे. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची खालच्या जबड्याकडे जाणारी शाखा चावण्याचे सगळे मोठे स्नायू चालवते. तीच शाखा कानातल्या हातोडी हाडाला ताणणारा टेन्सर टिंपॅनी आणि युस्टेशियन नळी (नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी हवेची नळी) उघडणारा टेन्सर व्हेली पॅलाटिनी, हे दोन छोटे स्नायूही चालवते. तिचाच एक फाटा सांध्याची, कानाच्या नळीच्या पुढच्या भिंतीची आणि पडद्याच्या काही भागाची संवेदना मेंदूकडे नेतो. एकाच वाटेने येणाऱ्या या संवेदना मेंदूला नीट वेगळ्या करता येत नाहीत. त्यामुळे गालाच्या स्नायूतला ताण कानात भरल्यासारखा जाणवू शकतो, कानात हवेचा दाब अगदी योग्य असतानाही.

१९३४ मध्ये जेम्स कॉस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी कान आणि जबडा यांचा संबंध मांडला होता. दाढा पडल्या की सांधा मागे सरकून युस्टेशियन नळी आणि मज्जातंतू दाबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शरीररचनेच्या अभ्यासात ते स्पष्टीकरण टिकलं नाही. लक्षणांची सांगड मात्र त्यांना बरोबर दिसली होती.

दंतपंक्ती

चांगला विषय. जबडा तपासायला फार साहित्य लागत नाही, एक मिलिमीटरची पट्टी आणि आरसा पुरे.

तोंड जितकं उघडेल तितकं उघडायचं आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजायचं. मोठ्या माणसात साधारण ४० ते ५५ मिमी असतं. ३५ च्या खाली असेल तर हालचाल नक्की अडलेली आहे. दोन आकडे लिहून ठेवा: दुखेपर्यंत किती उघडतं, आणि दुखलं तरी किती उघडतं. दोन्हींत मोठा फरक असेल तर अडथळा बहुधा स्नायूचा असतो. दोन्ही आकडे २५-३० च्या आसपासच थांबत असतील आणि हनुवटी एका बाजूला वळत असेल, तर त्या बाजूच्या सांध्यातली चकती पुढे घसरून अडकलेली असू शकते.

मग उघडताना हनुवटीचा मार्ग बघायचा. मध्येच एका बाजूला जाऊन पुन्हा मधोमध आली आणि त्याच वेळी 'कट्ट' झालं, तर चकती सरकून परत जागेवर येते आहे. वाळू घासल्यासारखा आवाज येत असेल तर सांध्याच्या पृष्ठभागाची झीज असू शकते. नुसता आवाज आहे, दुखत नाही, अडकत नाही, तर उपचाराची गरज नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते आहे, कारण आवाजाला घाबरून लोक नको ते उपचार करून घेतात.

त्यानंतर दाबून पाहणं. दात क्षणभर आवळले की गालावर कोनापाशी जो फुगतो तो मॅसेटर, कानशिलावर हलतो तो टेम्पोरॅलिस. दात सोडून द्या आणि या स्नायूंवर बोटांच्या टोकांनी सुमारे १ किलोचा दाब द्या. सांध्यावर, म्हणजे कानाच्या छिद्रासमोरच्या छोट्या कूर्चेच्या पुढे, अर्धा किलो पुरे. दाबाचा अंदाज यावा म्हणून आधी वजनकाट्यावर बोट दाबून बघा, बहुतेक जण पहिल्यांदा खूप जास्त दाबतात. एका जागी ५ सेकंद धरून ठेवा. मॅसेटरचा खोलवरचा भाग कानाच्या लगेच पुढे, गालाच्या हाडाखाली असतो. तिथे दाबल्यावर 'हाच तो दडा' असं वाटलं, तर तो फार मोलाचा पुरावा आहे. नुसतं दुखणं पुरेसं नाही. जोरात दाबलं तर कुणालाही दुखेल. नेहमीचं, ओळखीचं लक्षण जागं झालं पाहिजे.

अनुनासिक

युस्टेशियन नळी तुंबल्यामुळे बसणारे दडे आणि जबड्यामुळे बसणारे दडे, घरच्या घरी काही फरक कळतो का? दोन्हीत जांभई दिल्यावर कट्ट होतं आणि दोन्हीत क्षणभर बरं वाटतं.

कर्णपटल

कळतो, पण एकाच खुणेवर निर्णय करू नका.

नळीचा त्रास बहुधा सर्दी, सायनस, अ‍ॅलर्जी यांच्या मागून येतो. विमान उतरताना किंवा घाट उतरताना वाढतो. आवाज खरोखरच बुजल्यासारखा येतो. नाक धरून हवा फुंकली तर कान सहज सुटत नाही. सुटला तर बराच वेळ हलकं वाटतं.

जबड्याच्या त्रासात कान सहज सुटतो, पण काही सेकंदांत दडा परत येतो, कारण दाब मुळात बिघडलेलाच नसतो. सर्दीशी संबंध नसतो. चावल्यावर, खूप बोलल्यावर, दंतवैद्याकडे बराच वेळ तोंड उघडून बसल्यावर वाढतो. सकाळी उठल्यावर जास्त असेल तर झोपेत दात खाण्याचा संशय घ्यावा. संध्याकाळी जास्त असेल तर दिवसा काम करताना दात आवळून धरण्याचा. बाहेरच्या कानाची सूज असेल तर कानाची पाळी ओढल्यावर किंवा छिद्रापुढची कूर्चा दाबल्यावर कळ येते आणि अनेकदा कान खाजतो.

दोन अपवाद लक्षात असू द्या. पहिला: टिम्पॅनोग्राम त्या क्षणाचा दाब सांगतो. तपासणी करणारा कानाच्या बाहेरच्या नळीत +२०० पासून -४०० डेकापास्कलपर्यंत दाब बदलत पडदा किती हलतो ते बघतो. शिखर साधारण +५० ते -१०० मध्ये असेल तर 'ए'. ज्याला फक्त विमानातच त्रास होतो त्याचाही जमिनीवर 'ए'च येईल. म्हणजे 'ए' आला म्हणून नळी निर्दोष आहे, असं सरसकट म्हणता येत नाही. पण महिनोन्महिने रोज दिवसभर दडा आहे आणि दडा असतानाच केलेला टिम्पॅनोग्राम 'ए' आहे, तर नळी तुंबल्याचं निदान सोडून द्यायला हवं.

दुसरा: नळी जास्तच उघडी राहणं. त्यात स्वतःचा आवाज आणि श्वास कानात घुमतो, आडवं झाल्यावर किंवा डोकं गुडघ्यांमध्ये खाली घातल्यावर थांबतो. झपाट्याने वजन उतरलेल्यांत हे दिसतं. अशा माणसाने नाक मोकळं करणारे थेंब घातले तर त्रास वाढतो.

श्रवणरेषा

कर्णपटल, धोक्याच्या खुणांबद्दल तुम्हीच लिहा. जबडा, जबडा म्हणत कुणी गंभीर गोष्ट अंगावर काढू नये.

कर्णपटल

लिहितोच, आणि हा प्रतिसाद बाकी सगळ्यांच्या आधी वाचावा.

एका कानाला अचानक दडा बसला आणि ऐकू कमी येतं आहे, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑडिओग्राम करा. आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणा अनेकांना सुरुवातीला 'कान भरला आहे' एवढाच जाणवतो. व्याख्या अशी: ३ दिवसांच्या आत, लागोपाठच्या ३ फ्रिक्वेन्सींत ३० डेसिबल किंवा जास्त घट. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि जितक्या लवकर तितका बरा. 'सर्दी असेल, बघू आठवडाभर' यात तो काळ निघून जातो.

घरी एक चाचणी होते: ओठ मिटून 'म्म्म' असा सूर धरायचा. दडा बसलेल्या कानाकडे आवाज गेला तर मळ, पाणी, दाब अशी अडथळ्याची कारणं जास्त शक्य. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाचा संशय, ताबडतोब जा. मधोमध राहिला तरी ऐकू कमी येत असेल तर ऑडिओग्राम हवाच.

वय ५० च्या पुढे, चावताना जबडा भरून येऊन दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, कानशिलाची डोकेदुखी, केस विंचरतानाही डोक्याची त्वचा दुखणं, नजरेत काही फरक: ही टेम्पोरल धमनीची सूज असू शकते. यात दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या करतात, पण संशय दाट असेल तर रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साठून राहिलं, तर नाकाच्या मागच्या भागाची दुर्बिणीतून तपासणी झालीच पाहिजे. तिथली गाठ नळीचं तोंड दाबू शकते. मानेत गाठ, गालाला बधिरपणा, एका नाकपुडीतून रक्त, तोंड दिवसेंदिवस कमी उघडणं, तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्या माणसाचा कान दुखणं पण कान स्वच्छ असणं, या सगळ्यांत घसा, जिभेचं मूळ आणि तोंड नीट तपासून घ्या. मधुमेह असलेल्याच्या कानातून स्राव आणि रात्री झोप उडवणारी कळ असेल तर कवटीच्या हाडापर्यंत जाणारा संसर्ग असू शकतो. तो सांध्यापर्यंत पसरला की जबडाही दुखतो आणि निदान चुकतं.

दड्याबरोबर २० मिनिटांपासून काही तास टिकणारी गरगर, कानात घूं आवाज आणि ऐकण्यात चढउतार असतील, तर मेनिएर विकाराची तपासणी करावी लागते. जबड्यामुळे भोवंडल्यासारखं वाटू शकतं, पण खोली फिरते आहे असं तासभर वाटणं आणि त्यासोबत खालच्या फ्रिक्वेन्सींत ऐकू कमी येणं हे जबड्याच्या खात्यावर टाकू नका.

दंतपंक्ती

पूर्ण सहमत. दाढेची भर: खालच्या शेवटच्या दाढेची कीड किंवा अर्धवट उगवलेली अक्कलदाढ हुबेहूब कानात दुखते. सांध्याकडे वळण्याआधी एकदा दाढांचा एक्स-रे बघावा.

मानदंड

मी व्यायामाच्या बाजूने लिहितो. पहिलं आणि सगळ्यात परिणामकारक काम व्यायामाचं नाहीच, ते जबड्याच्या विश्रांतीच्या स्थितीचं आहे. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटलेले, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेलं. 'न' म्हणताना जीभ जिथे जाते तिथे. जेवताना आणि गिळताना सोडून दिवसभर दात एकमेकांना लागायला नकोत. हे बऱ्याच जणांना ऐकून आश्चर्य वाटतं, कारण आवळून धरणं हीच त्यांची सवय झालेली असते. स्क्रीनच्या कडेला एक ठिपका चिकटवा, फोनवर तासाला एक इशारा लावा. दिसला की तपासा: दात लागलेत का, खांदे वर चढलेत का.

सुरुवातीच्या दोन ते तीन आठवड्यांत मऊ खाणं, घास छोटे, दोन्ही बाजूंनी चावणं. च्युइंगम पूर्ण बंद. नखं आणि पेन चावणंही. जांभई आली की जीभ टाळूला दाबून ठेवायची आणि हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड मर्यादेपलीकडे उघडत नाही. ओलसर गरम कापडाचा शेक गालावर आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पोटावर झोपून एक गाल उशीत दाबण्याची सवय सोडावी.

मग व्यायाम. जीभ टाळूलाच ठेवून, जीभ सुटणार नाही इतकंच तोंड उघडायचं आणि मिटायचं. ६ वेळा, दिवसातून ६ वेळा. सांधा फक्त फिरतो, पुढे घसरत नाही, म्हणून हा सुरक्षित आहे. आरशात हनुवटी सरळ रेषेत ठेवायची. तोंड कमी उघडत असेल तर नंतर अंगठा वरच्या आणि तर्जनी खालच्या दातांवर ठेवून हलका ताण, ३० सेकंद, तीनदा. ताण वाटावा, कळ येऊ नये. 'कट्ट' होईपर्यंत उघडून बघत राहणं हा व्यायाम नाही. त्याने सांधा आणखी चिडतो.

मॅसेटरचं मर्दन बाहेरून करता येतं, पण आतून जास्त लागू पडतं: स्वच्छ अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, मधला स्नायू चिमटीत धरून वरून खाली, प्रत्येक बाजूला एक-दोन मिनिटं. मानेच्या बाजूचा तिरका मोठा स्नायू, म्हणजे कानामागून गळ्याच्या हाडाकडे येणारा, त्यातला ताणही कानात जाणवतो. फक्त त्याचं मर्दन करताना गळ्यातली नाडी लागते तिथे दाबायचं नाही.

चार ते सहा आठवडे सलग करून मग मोजमाप बघा. रोज बघितलं तर चढउतारात काही समजत नाही.

अनुनासिक

झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री दातांवर बसवायची प्लेट लागतेच ना? आणि बाजारात मिळणाऱ्या गरम पाण्यात मऊ करून बसवायच्या चालतात का?

दंतपंक्ती

प्लेटचं पहिलं काम दातांची झीज वाचवणं. दुखणं आणि दडा जाईलच याची हमी नाही. द्यायचीच तर कडक अ‍ॅक्रिलिकची, एका जबड्याच्या सगळ्या दातांना झाकणारी, समोरच्या जबड्याचे सगळे दात एकसारखे टेकतील अशी घासून बसवलेली, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलेली. मऊ प्लेट काही लोक रबरासारखी चघळत बसतात आणि त्यांचा ताण वाढतो. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी प्लेट महिनोन्महिने वापरली तर दाढा वर येऊ शकतात आणि पुढचे दात मिटेनासे होतात. तो बदल परत फिरवणं अवघड असतं.

मानदंड

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. २०२३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, जबड्याच्या जुनाट दुखण्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि वर्तनोपचार यांना जोरदार पाठिंबा आहे. काढता येणाऱ्या प्लेटला मात्र सावध नकार आहे, बोटॉक्सलाही. तेव्हा सुरुवात प्लेटने करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

दंतपंक्ती

त्या सूचना तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी आहेत. झीज दिसत असेल तर दात वाचवायला मी प्लेट देईन, पण दडा घालवायला प्लेट हा पहिला उपाय नाही, हे मान्य. आणि चावा 'जुळवण्यासाठी' दात घासणं, कॅप बसवणं किंवा नुसत्या दड्यासाठी तारा लावणं याला माझा स्पष्ट विरोध आहे. परत न फिरणारी गोष्ट अशा चढउतार होणाऱ्या त्रासासाठी करायची नसते.

शिवाय दात खाण्याचं कारण शोधा. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर ते तपासून घ्यावं. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन अशी नैराश्यावरची औषधं सुरू झाल्यावर आवळणं सुरू झालं असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. परस्पर बंद करू नका.

घुमट

कानात गुंई आवाजही येतो, आणि जबडा पुढे काढला की तो बदलतो. हे यातच धरायचं का? आणि एमआरआय करून घ्यावा का?

श्रवणरेषा

जबडा पुढे काढणं, दात आवळणं, मान वळवणं याने आवाजाची पट्टी किंवा तीव्रता बदलते, तेव्हा स्नायूंचा त्या आवाजात वाटा आहे असं समजतात. व्यायामाने अशा आवाजात फरक पडण्याची शक्यता जास्त. पण ज्यांचा आवाज मूळ श्रवणदोषामुळे आहे त्यांच्यातलेही काही जण जबडा हलवून तो बदलू शकतात. म्हणून ऑडिओग्राम आधी. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज वेगळा, त्याची तपासणी स्वतंत्रपणे व्हायला हवी.

पापणी जोरात मिटल्यावर किंवा मोठा आवाज आल्यावर कानात फडफड होत असेल, तर तो टेन्सर टिंपॅनी आखडत असू शकतो. कान नॉर्मल असूनही दडा जाणवण्यामागे हा स्नायू अनेकांत असावा, असं माझं वाचन आणि निरीक्षण आहे.

दंतपंक्ती

एमआरआयबद्दल: चकती नीट दिसते ती एमआरआयमध्ये, आणि तोही तोंड मिटून व उघडून अशा दोन्ही स्थितींत हवा. दातांच्या पूर्ण एक्स-रेत हाडाची ढोबळ झीजच दिसते. पण काहीही त्रास नसलेल्या लोकांचा एमआरआय केला तरी सुमारे एक तृतीयांश जणांची चकती सरकलेली सापडते. त्यामुळे रिपोर्टमधल्या 'डिस्क डिस्प्लेसमेंट'ने घाबरू नका. तोंड अडकतंय, उघडणं कमी होत चाललंय किंवा शस्त्रक्रियेचा विचार आहे, तेव्हाच तो उपयोगी.

अनुनासिक

दडा सुटावा म्हणून दिवसभर नाक धरून फुंकत राहणं कितपत घातक?

कर्णपटल

दाब नॉर्मल असताना पुन्हा पुन्हा जोराने फुंकून फायदा शून्य. उलट पडदा सारखा ताणला जातो, सर्दी असेल तर नाकातला संसर्ग मधल्या कानात ढकलला जातो, आणि लक्ष सतत कानावर राहिल्याने दडा जास्त जाणवतो. करायचंच तर नाक धरून एकदा गिळा. फुंकण्यापेक्षा ते सौम्य आहे.

झायलोमेटाझोलिनसारखे नाक उघडणारे थेंब ५ ते ७ दिवसांपलीकडे नकोत, पुढे नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. अ‍ॅलर्जी नसेल आणि टिम्पॅनोग्राम 'ए' असेल तर स्टिरॉइड स्प्रे महिनोन्महिने मारण्यात अर्थ नाही. पडद्याला छेद देऊन ग्रोमेट (हवा जाण्यासाठीची छोटी नळी) बसवायचा सल्ला मिळाला तर एकच प्रश्न विचारा: 'डॉक्टर, पडद्यामागे पाणी किंवा उणा दाब मोजून सापडला आहे का?' नसेल तर त्या नळीने जबड्याचा दडा जाणार नाही, आणि पडद्याला उगाच छिद्र पडेल.

घुमट

दाढ काढल्यानंतर दोन-तीन दिवसांनी दडा बसला आणि तोंड कमी उघडू लागलं, तर?

दंतपंक्ती

खालच्या दाढेसाठी जबड्याच्या आतल्या बाजूला भूल देतात, तिथे सुई मिडियल टेरिगॉइड स्नायूतून जाऊ शकते. त्यात थोडं रक्त साचलं की स्नायू आखडतो. हा स्नायू युस्टेशियन नळी उघडणाऱ्या स्नायूच्या शेजारीच आहे, म्हणून कानही भरतो. शेक, डॉक्टरांनी दिलेली सूज उतरवणारी गोळी, आणि रोज थोडं थोडं जास्त उघडण्याचा सराव. पट्टीने रोज सकाळी मोजा; आकडा १ मिमीने जरी वाढत असला तरी दिशा बरोबर आहे. ताप, वाढती सूज, गिळायला त्रास किंवा आकडा घटत जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर संसर्ग समजून लगेच दाखवा.

श्रवणरेषा

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं न्या: दडा कोणत्या कानात, कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, चावल्यावर, बोलल्यावर, विमानात काय होतं, तोंड किती मिमी उघडतं, कुठे दाबल्यावर तोच दडा जागा होतो, सुरू असलेली औषधं, आणि ऑडिओग्राम-टिम्पॅनोग्रामचे मूळ कागद, नुसता 'नॉर्मल' शेरा नको. ऑडिओग्राम करताना त्या वेळी दडा होता की नव्हता, तेही त्यावर लिहून घ्या. जबड्याचे उपचार सुरू असताना ऐकण्यात थोडाही फरक वाटला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता ऑडिओग्राम पुन्हा करा.